स्प्रेडशीट की स्क्रिप्ट?
आकडे नजरेखालून घालायला, एखादी विचित्र नोंद हेरायला स्प्रेडशीटसारखं साधन नाही. पण सूत्रं सेलच्या आड दडलेली राहतात, आणि तिथेच घात होतो.

2010 मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलेल्या विकसित देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे 0.1 टक्के दाखवली. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या हर्नडन, अ‍ॅश आणि पोलिन यांनी त्यांची एक्सेल फाइल तपासली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले! दुरुस्तीनंतर आकडा 2.2 टक्के निघाला. (यातला मोठा फरक मात्र काही वर्षं वगळल्याने आणि सरासरीत कोणत्या देशाला किती भार द्यायचा त्या पद्धतीमुळे पडला होता. हे सांगायचं अनेकदा राहून जातं.)

आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची लिखित यादी, शिकायला वेळ लागतो. पण कोणती वर्षं वगळली, कोणाला किती भार दिला, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं आणि ती कुणालाही पुन्हा चालवता येते. म्हणून छापायचा प्रत्येक आकडा स्क्रिप्टमधूनच यावा, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात, स्क्रिप्ट म्हणजे अचूकतेची हमी नव्हे. पॅकेजची (सॉफ्टवेअरला जोडायच्या तयार आज्ञासंचाची) आवृत्ती बदलली की उत्तरही बदलू शकतं, त्यामुळे आवृत्ती आणि यादृच्छिक संख्यांचं सीड (त्या ज्या आकड्यापासून तयार होतात तो) नोंदवायलाच हवं. गणिताची अचूकता तर दोन्हीकडे तपासावी लागते. त्यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेचे, प्रमाणित उत्तरं दिलेले डेटासंच मोफत मिळतात.