‘बेबी ॲनिमोन’ म्हणून विकलेली कीड

सोलापुरात घरी खाऱ्या पाण्याची, समुद्री मासे-जीवांची टाकी ठेवणारे मोजकेच. माल पुण्या-मुंबईहून मागवायचा, ट्रॅव्हल्सवाल्याकडून थर्माकोलच्या पेटीत यायचा, आणि पहाटे पुणे नाक्यावर जाऊन उतरवून घ्यायचा. बघून घ्यायची सोयच नाही. एका विक्रेत्याचा सगळा धंदा यावरच चालतो.

त्यानं मला लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातला, जीव वसलेला प्रवाळाचा दगड, ६०० रुपये किलोनं दिला. ‘इंडोनेशियाचा, क्युअर केलेला (म्हणजे सडका भाग काढून स्वच्छ केलेला), बिल मागाहून पाठवतो.’ दगडावर काही तपकिरी, काचेसारखे जीव होते, त्यांचे नगाला ३५० वेगळे. ‘बेबी ॲनिमोन आहेत साहेब, क्लाउनफिश त्यात घर करतील.’

ॲनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा समुद्री जीव; काही जातींत क्लाउनफिश मासे राहतात. ते ॲनिमोन खरेच, पण ऐप्टेशिया जातीचे. लाइव्ह रॉकवर फुकट येणारी सगळ्यात चिवट कीड ती. ओळख सोपी आहे: लांब देठ, बारीक टोकदार शुंडके आणि बोट जवळ नेलं की क्षणात भोकात गडप. क्लाउनफिशना आवडणाऱ्या बबल टिप ॲनिमोनच्या शुंडकांची टोकं बऱ्याचदा फुगलेली असतात आणि तो असा भोकात पळत नाही. ऐप्टेशिया खरवडायला जाल तर राहिलेल्या तुकड्यातूनही नवा उगवू शकतो. उन्हाळा सरेपर्यंत माझे झोअँथिड (प्रवाळासारखे दिसणारे रंगीत जीव) त्यांच्या डंखानं मिटून गेले. क्लाउनफिश तिकडे फिरकलेही नाहीत.

तक्रार केली तर त्यानं उपायही विकला! पेपरमिंट कोळंबी, ती ऐप्टेशिया खाते. ही मात्र उरलेले झोअँथिडच कुरतडायला लागली. फोटो पाहून मित्र म्हणाला, ‘काय बे, ही कॅमल कोळंबी आहे!’ पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक, त्यावर लाल रेघा. कॅमलच्या अंगावर ठळक पांढरे पट्टे आणि ठिपके, पाठीला कुबड. पेपरमिंट म्हणून ती सर्रास खपवली जाते, हे मित्रानंच सांगितलं.

पैसे परत मागितले तेव्हा त्याचा सूर बदलला. ‘बिल कसलं? माल रामेश्वरमकडचा आहे. करा पोलिसात तक्रार, दगड तुमच्याच टाकीत सापडेल.’ १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडचे प्रवाळ संरक्षित आहेत, हे त्याला पक्कं माहीत होतं. गिऱ्हाईक गप्प बसतं ते याच भीतीनं.

म्हणून बिल आधी, पैसे नंतर. उजेडात काढलेला, दगड सगळ्या बाजूंनी दाखवणारा व्हिडिओ मागवा. देत नसेल तर सरळ कोरडा दगड घ्या. बॅक्टेरिया वाढायला वेळ लागतो, पण आत कोणी लपून येत नाही. ऐप्टेशिया आलाच असेल तर खरवडू नका. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजनं थेट तोंडावर सोडा, पंप थोडा वेळ बंद ठेवून. एका वेळी थोड्यांवरच, नाहीतर पाण्याचा पीएच एकदम चढतो. आणि दगड उकळायचा विचारही करू नका. दगडावरच्या काही झोअँथिडमधलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर घरभर पसरलं तर माणसांना दवाखान्यात न्यावं लागतं.