यीस्ट चारायचं कुणाला, रॅटला की ब्रॉयलरला?

भाची सांगलीत बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करते. डिस्टिलरीत मळीवर वाढलेलं यीस्ट खाद्यात घातलं, तर त्यातल्या आरएनएमुळे रक्तात काय फरक पडतो, हा तिचा प्रोजेक्ट. परवा फोन आला, "मामा, रॅट घेऊ की ब्रॉयलरची पिल्लं? पिल्लं स्वस्त पडतात."

स्वस्ताईवर जाऊ नकोस, एवढंच तेव्हा म्हणालो. बाकीचं इथं.

वाळलेल्या यीस्टमध्ये साधारण 6 ते 12 टक्के न्यूक्लिक आम्ल असतं, त्यात बहुतांश आरएनएच. त्यातल्या प्युरिनांचं (न्यूक्लिक आम्लातले नायट्रोजनयुक्त घटक) शेवटी युरिक आम्ल होतं. माणसात गाडी इथंच थांबते, कारण आपल्याकडे युरिकेज हे एन्झाइम नाही. रॅटकडे ते आहे. त्याचं यकृत युरिक आम्लाचं अॅलँटॉइन (पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ) करून लघवीवाटे काढून टाकतं. म्हणून रॅटला भरपूर आरएनए चारून रक्तातलं युरिक आम्ल मोजलं, तर फारसं काही हाती लागत नाही आणि पोरं लिहून मोकळी होतात, 'परिणाम नाही'. परिणाम लघवीत वाहून गेलेला असतो! मेटाबॉलिक पिंजरा (लघवी आणि विष्ठा वेगळी गोळा करणारा) वापरून अॅलँटॉइन मोजायला हवं. नाहीतर पोटॅशियम ऑक्सोनेट देऊन युरिकेज दाबायचं. त्याचा असर काही तासांत उतरतो, तेव्हा रक्त घेण्याची वेळ चुकवायची नाही.

कोंबडीकडेही युरिकेज नाही. मग ती माणसासारखीच, असं वाटेल. तिथंच फसगत होते. कोंबडी प्रथिनातला नको असलेला नायट्रोजनही युरिक आम्ल करूनच टाकते. विष्ठेवरचा पांढरा थर तोच. खाद्यातलं प्रथिन थोडं वाढलं तरी आकडा वर जातो आणि आरएनएचा वाटा त्या गर्दीत हरवतो. त्यातून यीस्टच्या पोत्यावरचं 'क्रूड प्रोटीन' म्हणजे नायट्रोजन गुणिले 6.25, आणि त्या नायट्रोजनात आरएनएचाही हिस्सा असतो. म्हणजे दोन्ही गटांचं प्रोटीन नुसत्या आकड्यावर जुळवलं, तर यीस्टवाल्या पिल्लांना खरं प्रथिन कमी मिळतं. लायसिन, मिथिओनिन ही अमिनो आम्लं वेगळी जुळवावी लागतील. शिवाय लघवी आणि विष्ठा एकाच वाटेनं बाहेर येते, ती वेगळी कशी गोळा करणार?

आरएनएऐवजी त्यातलं एक प्युरिन, नुसतं अॅडेनीन, चारण्याचा शॉर्टकट कुणी सुचवला तर ऐकू नकोस. त्यापासून बनलेल्या पदार्थाचे स्फटिक रॅटच्या मूत्रपिंडात साचतात; किडनी निकामी करण्याचं मॉडेल म्हणूनच ते वापरतात.

माझं मत सरळ आहे. प्रश्न माणसाच्या गाउटचा (युरिक आम्ल साचून सांधे सुजण्याचा आजार) असेल तर ऑक्सोनेट दिलेला रॅट. प्रश्न पोल्ट्रीखाद्याचा असेल तर पिल्लंच, पण मग वजनवाढ आणि खाद्याचा हिशेब पुढे, युरिक आम्ल मागे. नैतिकता समितीचा अर्ज आत्ताच भर.

भाचीच्या गाइड मॅडमना शीर्षकात 'गाउट' हवंय आणि शेडवाल्याला पिल्लांची ऑर्डर. आधी मॅडमशी बोल म्हटलंय.