‘हेडेक’ की ‘पेन इन’? इंग्रजीत दुखणं सांगताना

मराठीत ‘दुखतंय’ हे एकच क्रियापद डोक्यापासून टाचेपर्यंत चालतं. तेच शब्दशः नेलं की ‘माय हेड इज पेनिंग’ तयार होतं. भारतातले डॉक्टर समजून घेतात; लंडनमधल्या डॉक्टरलाही अर्थ कळेल, पण तिथे रोज कुणी असं बोलत नाही.

नेहमीच्या दुखण्यांना पहिली रचना सोपी: ‘आय हॅव अ हेडेक’. पण ‘हेडेक’मधली ‘-एक’ (ache) ही शेपटी मोजक्याच अवयवांना लागते: डोकं, दात, कान, पोट, पाठ. गुडघ्याला नाही. तिथे ‘आय हॅव अ पेन इन माय राइट नी’ म्हणायचं. दुसरी रचना लांब, पण तपासणीत जास्त कामाची. बाजू सांगता येते आणि ‘पेन’च्या आधी दुखण्याची जातही: ठणका असेल तर ‘थ्रॉबिंग’, जळजळ ‘बर्निंग’, कळ ‘शार्प’, मंद दुखणं ‘डल’. डॉक्टर नेमकं हेच विचारतात.

कारण सांगताना ‘बिकॉज’पुढे पूर्ण वाक्य येतं: ‘बिकॉज आय लिफ्टेड अ हेवी बॅग’. ‘बिकॉज ऑफ’पुढे फक्त नाम: ‘बिकॉज ऑफ द हीट’. ‘बिकॉज ऑफ आय लिफ्टेड’ ही सरमिसळ सर्रास ऐकू येते.

खरा घोळ पित्ताचा. ‘बाइल’ म्हणू नका, तो यकृतातला पाचकरस. छातीत जळजळ म्हणजे ‘हार्टबर्न’. अंगावर उठलेलं पित्त म्हणजे ‘हाइव्ज’. दोन्हींची औषधं वेगळी.