‘प्रशस्त’ ॲप: लेखनातली अडचण ओळखायला कितपत उपयोगी?

एनसीईआरटीने 2022 मध्ये आणलेलं ‘प्रशस्त’ हे मोफत ॲप 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांची पहिली चाळणी करतं. मुख्याध्यापक शाळा नोंदवतात, वर्गशिक्षक विधानांच्या सूचीचा पहिला भाग भरतात आणि त्यातून पुढे आलेल्या मुलांची दुसरी पडताळणी विशेष शिक्षक किंवा मुख्याध्यापक करतात. ही दोन टप्प्यांची रचना आम्हाला पटते. एकाच्या मतावर मुलावर शिक्का बसत नाही, आणि नाव नोंदलेलं असल्याने पाठपुरावा करता येतो.

लेखन अक्षमता, म्हणजे लिहिण्यातली कायमची अडचण, ओळखायला मात्र ॲप एकटं पुरत नाही. इतके प्रकार एका सूचीत बसवायचे म्हटल्यावर लेखनाच्या वाट्याला मोजकीच विधानं येतात, आणि शिक्षक ती बहुतेकदा आठवणीवर भरतात. अक्षर वाईट आहे एवढं आठवतं. मूल नेमकं कुठे अडतं ते आठवत नाही. म्हणून आधी तीन नमुने घ्या: पुस्तकात बघून पाच ओळी, दहा शब्दांचं श्रुतलेखन आणि ओळखीच्या विषयावर मनाने दहा मिनिटं लेखन. त्या विषयावर मुलाला आधी तोंडी बोलू द्या.

मग तिन्ही कागद शेजारी ठेवा. बघून नीट लिहिणारं मूल श्रुतलेखनात ‘प्रार्थना’चं ‘पारथना’, ‘वर्ग’चं ‘वरग’ करत असेल, तर ध्वनी आणि अक्षर यांची सांगड बसलेली नाही. बघून लिहितानाही ओळ सुटते, मागच्या दोन पानांवर पेन्सिलीचे वळ उठतात, तिसऱ्या ओळीला हात झटकावा लागतो? तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे हातांच्या हालचाली आणि रोजची कामं यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवायला हवं. जत्रेबद्दल भरभरून बोलणाऱ्या मुलाच्या कागदावर तीनच तुटक वाक्यं असतील, तर अडचण विचार लिहून मांडण्यात आहे. ॲपमधल्या खुणेवरून हा फरक कळत नाही, आणि मदत तर या फरकावरच ठरते.

चुकीची खूण होण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. ऱ्हस्व-दीर्घ मोठ्यांचंही चुकतं; नुसत्या तेवढ्यावरून खूण करू नका. भ-म, घ-ध यांची गल्लत पहिलीत चालायचीच. फक्त फळ्यावरून उतरवतानाच चुकत असेल तर आधी डोळे तपासा. घरी गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठी श्रुतलेखनात कमी लेखणं तर सरळ अन्याय आहे. त्याला अर्थ माहीत असलेलेच शब्द द्या.

ॲपचा निकाल म्हणजे निदान नव्हे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकांची चाळणी तिसरीपर्यंत किंवा वयाच्या आठव्या वर्षापर्यंत व्हायची असते. पुढे वैद्यकीय तपासणी, बुद्ध्यांक आणि निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळायची तर ही साखळी वेळेत पूर्ण व्हावी लागते. दहावीचे फॉर्म भरताना धावपळ सुरू झाली की मधली सात वर्षं मूल आळशी ठरलेलं असतं.

अक्षमतेच्या प्रमाणपत्राची वाट न बघता मदत लगेच सुरू करा: उतरवायचं कमी द्या, उत्तरं तोंडी घ्या, चौकटीची वही वापरा. नमुन्यांवर तारीख टाकून ते फाईलला लावा आणि सहा महिन्यांनी तेच दहा शब्द पुन्हा घाला.