पार्ट-टाइम पीएचडी (शिक्षणशास्त्र) : दीडेक वर्षाच्या वापरानंतर

आधीच सांगून ठेवते, यात पाठपोट छपाईबद्दल जरा जास्तच येणार आहे. प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोणाकडे किती जागा, हे ज्यांना हवंय त्यांना ते दहा ठिकाणी सापडेल. माझी तक्रार वेगळी आहे.

परवा माझा सहामाही प्रगती अहवाल विभागाच्या खिडकीवरून परत आला. सह्या होत्या, शिक्के होते, फीची पावती टाचलेली होती. अहवाल पाठपोट छापलेला होता, एवढंच.

"मॅडम, पाठपोट चालत नाही."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलं कुठेच नाही. पण चालत नाही."

चार प्रती लागतात. तीन प्रती समितीच्या सदस्यांना, एक कार्यालयाला. ओळींमध्ये दीडपट अंतर, डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच समास, आणि वर मागची अख्खी बाजू कोरी. पाठपोट केलं की कागद निम्मा लागतो, स्पायरल बारीक लागते, आणि स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला दरही कमी लावतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहायचं असतं आणि पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा वर्षं चालते. गुणाकार करून बघा. त्यात बायकांना दोन वर्षं जादा मिळतात. ही सवलत खरोखर चांगली आहे, मनापासून सांगते, पण मला लगेच आणखी चार अहवाल दिसायला लागतात.

एवढं करून कागद वाचतं कोण? प्रबंध शेवटी पीडीएफ होऊन शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातच जाणार आहे. तिथे पानाला पाठ नसते. मी शाळेच्या सकाळच्या अधिवेशनात मुलांना मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून कच्ची वही शिवायला लावते आणि दुपारी कुर्ल्याला गाडी बदलून विद्यापीठात कोरा कागद जमा करायला जाते.

असो. मूळ मालाकडे येते.

विषय आहे प्रौढ शिक्षण आणि शाळा सुधार. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे ते रात्रीचे साक्षरतेचे वर्ग ना गं? त्याला पीएचडी कशाला?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, कारण कोर्सवर्कच्या सुरुवातीला मलाही तेच वाटत होतं. फुले दांपत्याची १८५५ची पुण्यातली रात्रशाळा, खेर मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ साली मुंबईत निघालेली साक्षरतेची मोहीम, १९७८चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८चं साक्षरता मिशन, २००९चं साक्षर भारत, आता केंद्राची 'उल्लास' साक्षरता योजना. दर दहा-वीस वर्षांनी नवं नाव आणि नवा फलक. टिपणं काढली, परीक्षा दिली. तोवर माझ्या हिशेबात या पदवीला दोन तारे होते. संशोधन पद्धतीच्या तासांना तर एकच दिला असता. शिकवणारे सर ज्या सॉफ्टवेअरवर सगळं दाखवायचे, ते विकत घेण्याइतका माझा पगार नाही, आणि फुकटातलं चालेल का विचारलं तर म्हणाले, "चालतं, पण मग त्यातलं मला विचारू नका."

मत बदललं ते एका प्रशिक्षणात. विद्यापीठातल्या नव्हे, आमच्या शिक्षकांच्या.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यायचं असतं. तर तशाच एका प्रशिक्षणाला एका महापालिका शाळेच्या सभागृहात मी निरीक्षक म्हणून मागे बसले होते. पुढे सादरीकरण चालू होतं, आनंददायी शिक्षणावर. विषय आनंददायी, पण पाच तास एकच माणूस बोलत होता. पहिल्या रांगेतले भिंतीवरच्या पडद्याचे फोटो काढत होते. मधल्या रांगेत चाचणीचे पेपर तपासून होत होते. मागे माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, नोकरी पंचवीस वर्षांच्या पुढे. शांतपणे म्हणाल्या, "मला पहिलीच्या वर्गात तीन भाषांची मुलं आहेत. याचं काय करायचं ते कोणी विचारायला देईल का?" कोणी दिलं नाही. चहानंतर हजेरीपटावर दुसरी सही घेतली आणि घरी सोडलं.

लोकलमध्ये उभ्याने टिपणं चाळताना प्रौढ शिक्षणाचा अमेरिकी अभ्यासक माल्कम नोल्स पहिल्यांदा अंगाला लागला. तो म्हणतो, मोठ्या माणसाला आधी कळलं पाहिजे की हे मी का शिकतोय. त्याच्याकडे अनुभव असतो, तो वापरला नाही तर तो अपमान समजतो. आणि त्याला विषय नको असतो, त्याला त्याची अडचण सोडवायची असते. त्या शेजारच्या बाई याहून वेगळं काय म्हणत होत्या? पस्तीस-चाळीस शिक्षित, नोकरदार प्रौढ त्या सभागृहात बसले होते आणि त्यांना कोणी प्रौढ म्हणून शिकवत नव्हतं. शाळा सुधारायची म्हणजे मुलांच्या आधी मोठ्यांना शिकवावं लागतं, हे माझ्या विषयाच्या नावातच होतं.

मग शाळासिद्धीचा, म्हणजे शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायचा, आराखडा पुन्हा काढला. आमच्याकडे सगळ्यांनीच कधी ना कधी रात्री जागून भरलेला आहे. सात क्षेत्रं, ४६ मानकं, प्रत्येकाला तीन स्तर. त्या सातांपैकी शिक्षकांचा व्यावसायिक विकास, शाळेचं नेतृत्व आणि समाजाचा सहभाग ही तीन क्षेत्रं सरळ मोठ्या माणसांची आहेत. आणि आपण भरताना काय बघतो? संडास किती, संगणक किती. जॉइस आणि शॉवर्स या अमेरिकी जोडीने १९८०च्या दशकातच मांडलंय की नुसतं ऐकवून किंवा दाखवून शिक्षकाच्या वर्गात फारसं काही पोचत नाही. वर्गात कोणीतरी सोबत उभं राहून, करून बघून, पुन्हा बोलावं लागतं. 'निष्ठा' हे केंद्राचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा सुमारे ४२ लाख शिक्षकांचं लक्ष्य होतं. एवढ्यांच्या वर्गात सोबत उभं राहणार कोण, हा माझा प्रबंधातला प्रश्न आहे. म्हणजे इथे तारे वाढले. चार.

उल्लासकडेही मग नव्याने बघितलं. त्यात शाळा हेच राबवणीचं केंद्र आहे. निरक्षर शोधायचे शिक्षकांनी, स्वयंसेवक जोडून द्यायचे शिक्षकांनी, परीक्षा घ्यायची शाळेत. २०२३ मध्ये आपल्याकडे शिक्षक संघटनांनी त्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता, अशैक्षणिक काम म्हणून. तेव्हा मीही त्याच बाजूने बोलत होते आणि ओझ्याबद्दल आजही तेच म्हणणं आहे. पण मार्च २०२४च्या परीक्षेच्या हकिगती मी आता मुलाखतींमधून गोळा करतेय. वाचन, लेखन, संख्याज्ञान, पन्नास-पन्नास गुण. नातवाच्या बाकावर आजी बसलेली, गुडघे बाकात मावत नाहीत म्हणून बाहेर काढलेले. हे सांगणाऱ्या शिक्षिकेने त्यानंतर आपल्या वर्गातल्या पालकसभेची वेळ बदलली, कारण तिला पहिल्यांदा कळलं की चिठ्ठ्या घरी जातात पण वाचल्या जात नाहीत. मी या अभ्यासात ज्याला शाळा सुधार म्हणते तो हा. पडद्यावरचा नव्हे.

दुसरी एक सभा, शाळा व्यवस्थापन समितीची. कायद्याने तिथे तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. इतिवृत्त फिरत होतं, सगळे भराभर सह्या करत होते. एका ताईंनी कागद हातात धरून ठेवला आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "सर, वाचून दाखवा ना. मग करते सही." सरांना घाई होती, पण वाचावं लागलं. चौथ्या मुद्द्यावर शालेय पोषण आहाराच्या वेळेवरून पंधरा मिनिटं चर्चा झाली, जी आधी झालेलीच नव्हती.

आता सेवेबद्दल. शाळांत जायच्या परवानगीची फाइल आवक-जावकच्या टेबलावर भरपूर दिवस होती. आवक क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, त्याशिवाय फाइलीला कोणी आईबाप नसतं. पार्ट-टाइमला फेलोशिप नाही, माझ्या पगारात या पदवीने एक रुपया वाढणार नाही, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं. मराठीतून लिहायची मुभा आहे आणि ती घ्या. गाइड निवडताना त्यांच्या निवृत्तीचं वर्ष विचारायला लाजू नका. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, पण तीन वर्षं आणि चार महिने उरलेल्यांना येतो. मग पुढे धावपळ तुमची.

अनपेक्षित आनंदही लिहिला पाहिजे. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं. आधी एकेका परदेशी लेखासमोर डॉलरमधला आकडा बघून मी टॅब बंद करायचे. लेखकाला ईमेल करून मागायचे, कधी मिळायचा, कधी नाही. आता विद्यापीठाच्या लॉगिनवरून तीसेक प्रकाशकांची नियतकालिकं उघडतात, १३ हजारांच्या आसपास. पहिल्या रात्री मी इतके लेख उतरवले की मोबाइलची जागा संपली. वाचलेत किती, विचारू नका. फीचे पैसे इथे वसूल झाले असं मी बिनदिक्कत म्हणते. ही सोय सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आहे, खासगी विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

अपडेट : अहवाल एकाच बाजूला छापून दिला. काल समितीपुढे सादरीकरण झालं. एक ज्येष्ठ मॅडम पूर्ण वेळ गप्प होत्या. मला वाटलं, यांनी उघडूनही बघितला नसणार. शेवटी त्यांनी अहवाल उलटा केला. मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपणं होती, पानापानावर. मला म्हणाल्या, "शिक्षक आहेत, पालक आहेत, मुख्याध्यापक आहेत. शाळेतल्या मावशी आणि शिपाईमामा कुठे आहेत? पहिलीचं मूल रडलं तर आधी कोणाकडे जातं?" गाइड सरांनी माझ्याकडे बघितलं. मी "हो मॅडम" म्हटलं.

कोऱ्या पानांबद्दलचा वरचा मजकूर तरीही काढत नाही. एका वाचकासाठी चार प्रतींचा कागद हा हिशेब मला अजून पटलेला नाही. तारे साडेतीन.

मुलाखतींच्या यादीत पाच मावशींची भर पडली आहे. त्यांना बोलायला सवड सकाळी शाळा उघडायच्या आधी असते, त्यामुळे पुढचे दोन महिने पहिली लोकल. प्रश्नावलीचा नवा मसुदा कोणाला हवा असेल तर सांगा, पीडीएफ पाठवते.