पद्मिनीचा सेल्फ मंद फिरतो तेव्हा: दुकानातील लोड टेस्ट, हायड्रोमीटर की घरचा मल्टिमीटर?

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट अकराशे बाळगणाऱ्या बहुतेकांना एक तक्रार ओळखीची असते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ ओढून ओढून फिरतो, किंवा नुसता ‘टिक’ आवाज होऊन सगळे शांत होते. मुंबईतील शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी (नोंदणी २९ ऑक्टोबर २००३) वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेरीस रस्त्यावरून गेली, आणि त्या टॅक्सींवर पोट असलेले इलेक्ट्रिशियनही हळूहळू दुसऱ्या कामांकडे वळले. त्यामुळे दोष बॅटरीत आहे, केबलमध्ये आहे की सेल्फमध्ये, एवढा प्राथमिक निवाडा तरी मालकाला स्वतः करावा लागतो. त्यासाठीचे तीनही मार्ग मी माझ्या गाडीवर वापरले आहेत.

बॅटरीच्या दुकानातील लोड टेस्टबद्दल आधी चांगले सांगतो, कारण ते तिचे खरे बळ आहे. उभ्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले, म्हणजे ती सेल्फला लागणारा दीडशे-दोनशे अँपिअरचा प्रवाह पुरवेलच असे नाही. टेस्टरचे दोन चिमटे लावून काही सेकंद जबरदस्त लोड दिला की थकलेल्या बॅटरीचा काटा लाल पट्ट्यात कोसळतो आणि पुढे वादाला जागा उरत नाही. हल्ली बऱ्याच दुकानांत लोड न देता आतला अवरोध मोजणारे डिजिटल यंत्र असते, तेही जलद आहे. बॅटरी एकटीच तपासायची असेल, तर घरच्या कोणत्याही उपायापेक्षा ही तपासणी मी वरचढच मानतो.

माझी अडचण त्यापुढची आहे. बॅटरी दुकानात न्यायची म्हणजे तिच्या खुंटांवर बसणारे केबलचे दोन्ही क्लॅम्प सैल करून, पिळून, ओढून काढावे लागतात, आणि आल्यावर ते पुन्हा घट्ट बसवावे लागतात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणातील दमट हवेत, शिशाचा खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये सल्फेटचा जो करडा थर बसतो, तो या काढघालीत आपोआप खरवडला जातो. ज्या दोषाचा शोध घ्यायचा, त्याचा पुरावाच तपासणीच्या आधी पुसला जातो. माझ्या बाबतीत दुकानदाराने ‘बॅटरी वीक आहे’ असे सांगून नवी दिली, गाडी त्या दिवशी खणखणीत सुरू झाली, आणि श्रेय अर्थातच नव्या बॅटरीला गेले. पुढच्या पावसाळ्यात तीच कुरकुर पुन्हा सुरू झाली, तेव्हा मात्र बॅटरीला दोष देण्याची सोय उरली नव्हती. दुकानदाराची नियत खोटी होती असे मी म्हणणार नाही. गाडीपासून वेगळ्या केलेल्या बॅटरीवरून गाडीचा निकाल देण्याची ही पद्धतच मला तेव्हापासून खटकते.

हायड्रोमीटर याबाबतीत अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यासाठी क्लॅम्पला हात लावावा लागत नाही. सहाही कप्प्यांची बुचे उघडून आम्लाची घनता पाहायची. पूर्ण चार्ज झालेल्या कप्प्यात ती साधारण १.२६ च्या आसपास मिळते, मात्र उष्ण प्रदेशासाठी भरलेल्या बॅटरीत थोडी कमीही असते. आकडा किती यापेक्षा सहा कप्प्यांत फरक किती, हे पाहणे मला अधिक उपयोगी वाटले. पाच कप्पे सारखे आणि एकच ०.०५ किंवा त्याहून अधिक खाली असेल, तर तो कप्पा गेलेला समजावा. ही माहिती मल्टिमीटर कधीच देऊ शकत नाही. पण सीलबंद बॅटरीत बुचेच नसतात, डिस्टिल्ड वॉटर नुकतेच घातले असेल तर आकडा फसवतो, आणि नळीच्या टोकावरून आम्लाचा थेंब नेमका मडगार्डवरच पडतो. नव्याने रंगवलेल्या गाडीवर तो थेंब परवडत नाही.

मल्टिमीटरकडे मी याच क्रमाने, काहीशा नाइलाजाने आलो. त्याचा उपयोग बहुतेक जण उभ्या बॅटरीचे व्होल्ट पाहण्यापुरताच करतात. खरी तपासणी सेल्फ फिरत असताना होते. इंजिन सुरू होऊ नये म्हणून ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलकडे जाणारी बारीक वायर काढून तिचे टोक बाजूला सुरक्षित ठेवावे, मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, आणि एक प्रोब (मीटरच्या वायरीचे टोक) शिशाच्या खुंटाच्या मधोमध टेकवून दुसरा त्याच खुंटावरील क्लॅम्पला लावावा. घरातील कोणाला तरी सेल्फ मारायला सांगितले की जोड चांगला असेल तर आकडा जवळपास शून्यावर राहतो. तिथे पाव किंवा अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष त्या दोन मिलिमीटरच्या सांध्यात आहे. नंतर एक प्रोब ऋण खुंटावर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून हेच करावे. तिथे ०.२ व्होल्टपर्यंत चालते. धन खुंटापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, सोलेनॉइड (सेल्फला प्रवाह जोडणारा स्विच) धरून, ०.५ पर्यंत.

माझ्या गाडीत अर्थिंगच्या, म्हणजे ऋण खुंट ते इंजिन या बाजूला ०.९ व्होल्ट दिसले. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने त्याला बॉडीशी जोडणाऱ्या विणलेल्या पट्टीवरच सगळा प्रवाह अवलंबून असतो, आणि डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी ती पट्टी कोणीतरी ताज्या रंगावरच बोल्टने आवळून टाकली होती. पॉलिश पेपरने तेवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली आणि सेल्फचा आवाज बदलला. सकाळच्या थंड इंजिनावरही तो आता अडखळत नाही. बॅटरी तीच आहे.

मल्टिमीटरच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. ओहमच्या रेंजवर जाड केबल तपासण्यात अर्थ नाही. १५० अँपिअरला पाऊण व्होल्ट खाणारा सांधा फक्त ०.००५ ओहमचा असतो, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अवरोध त्याच्या कितीतरी पट असतो. १० अँपिअरच्या सॉकेटमधून सेल्फचा प्रवाह मोजू गेल्यास मीटरचा फ्यूज जातो, म्हणून ते करूच नये. दुसरा माणूस लागतो, हीही गैरसोय आहेच. सेल्फ फिरताना बॅटरीच्या खुंटांवरच ९.६ च्या खाली आकडा गेला आणि सांधे सगळे स्वच्छ निघाले, तर मीटरचे काम तिथे संपते आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून दुकानाचीच वाट धरावी लागते. बॅटरी चार्ज करायला डायनमो असलेल्या जुन्या गाड्यांत तर ती आधीच अर्धवट चार्ज असण्याची शक्यता मोठी, कारण वाहतुकीत मंद गतीने दिवे लावून चालताना डायनमो पुरेसा प्रवाह देतच नाही.

तेव्हा बॅटरी चार-पाच वर्षांची आणि सीलबंद असेल, तर दुकानात जाण्याबद्दल माझा आक्षेप नाही. फक्त क्लॅम्पला पाना लावण्यापूर्वी सेल्फ मारून वरची तीन वाचने घ्यावीत आणि ती वहीत टिपून दुकानदाराला दाखवावीत. हायड्रोमीटर फारसा महाग नसल्याने बुचांची बॅटरी असणाऱ्यांनी तोही ठेवावा, मडगार्डवर जाड ओले फडके अंथरून.