ऑइल गळतीसाठी यूव्ही डाय : आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी जागा कुणालाही विचारायची गरज नव्हती. फरशीवर काळा डाग आणि त्यावर पुठ्ठा दिसला की समजावं, हीच ती. गाडी २००१ ची पेट्रोल, दोनदा रीपासिंग झालेली. दीड महिन्यात अर्धा लिटर ऑइल वर टाकावं लागायचं.

अंबडला एका गॅरेजमध्ये चेंबरचं (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग बदलून घेतलं. आठ दिवसांत पुठ्ठा पुन्हा ओला. दुसऱ्या मिस्त्रीने खाली वाकून बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घरावर) बोट फिरवलं आणि निकाल देऊन टाकला, "काका, मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." क्रँकशाफ्टच्या टोकाशी ऑइल अडवणारं हे सील स्वस्तच असतं हो, मजुरी ऐकून घरी आलो आणि टॉर्च व पिवळ्या चष्म्यासकट यूव्ही डायची बाटली मागवली. हा ऑइलमध्ये मिसळायचा रंग, यूव्ही टॉर्चच्या उजेडात पोपटी चमकतो आणि गळती कुठे आहे ते दाखवतो.

पहिली चूक माझीच. डाय ऑइलमध्ये टाकला आणि हौसेने थेट कसारा घाट उतरून-चढून आलो. रात्री टॉर्च मारला तर अख्खं इंजिन पोपटी! गळालेलं ऑइल खाली ओघळतं, शिवाय पंख्याच्या आणि वाऱ्याच्या झोताने मागे पसरतं. एवढं चालवल्यावर उगम सापडणार कुठून? मग डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) आणि अल्टरनेटरला प्लास्टिक बांधून इंजिन नीट धुतलं, वाळवलं आणि फक्त सातपूरपर्यंत जाऊन आलो. पार्किंगमधले दिवे घालवून पाहिलं. (वॉचमन दोनदा येऊन गेला, त्याला वाटलं कुणीतरी गाडी फोडतंय.)

खालून वर बघत गेलो. बेलहाउसिंगवर एक बारीक रेघ, तिच्यामागोमाग वर गेलो तर डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी चमकणारं कडं. माझ्या गाडीत तो हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) टोकाला, बरोबर गिअरबॉक्सच्या वर बसतो. त्याची ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी रिंग) कडक होऊन चिरली होती. तिथून ओघळणारं ऑइल खालून पाहिलं तर हुबेहूब क्रँक सील गळाल्यासारखं दिसतं. ४० रुपयांची रिंग! डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करून ठेवली, नाहीतर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) हलतं. पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनच्या आतले वायू बाहेर काढणारा) बदलला, कारण तो तुंबला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, दाब वाढतो आणि ऑइल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येतं.

डायचा दोष सांगायचा तर, रिंग बदलल्यावरही जुने डाग चमकतच राहतात. पुन्हा धुतल्याशिवाय गळती थांबली की नाही ते कळत नाही. सोबत आलेला टॉर्चही फुसका, दिवसा उपयोग शून्य. डाय मात्र चांगला. पुढचं ऑइल बदलेपर्यंत काम देतो.

आता तीन महिन्यांत डिपस्टिकवर पातळी अगदी किंचित उतरते. टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) एका कोपऱ्याला थोडा घाम येतो, त्याचं पॅकिंग आणून ठेवलंय. पुठ्ठा अजून काढलेला नाही, पण गेल्या पावसाळ्यापासून तो तोच आहे.